वीतभर दुमड

मावशीला ऐकू आलं की नाही हे ओळखायची एक सोपी खूण होती, आणि ती फक्त टाचणीला ठाऊक होती. मावशी गोड हसली, मान डोलावली, "हो हो, बरोबर" म्हणाली, की समजायचं, एक अक्षर कानात शिरलेलं नाही. ऐकू आलं असतं तर तिनं वाद घातला असता. कुणाचं म्हणणं मावशीनं पहिल्या झटक्यात मान्य केलंय, असं उभ्या जन्मात कधी घडलं नव्हतं.

टाचणी हे नाव मावशीनंच ठेवलेलं. आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची, काडीसारखी आणि बोलायला टोकदार. मावशी पडदे शिवायची. तिच्या दोन खोल्यांपैकी दीड खोली कापडाच्या ताग्यांनी भरलेली असायची आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत दोघींनी तेवीस वर्षं काढली. जागा कमी पडली असं टाचणीला कधी वाटलं नाही. मोठी होऊन ती लायब्ररीत कामाला लागली. तिथं दिवसभर कुजबुजत बोलायचं, त्यामुळे तिचा आवाज मुळातच बारीक होता तो आणखी खाली गेला. तिचं लग्न ठरलं ते चष्म्याच्या दुकानदाराशी. त्याला सगळे चष्मेवालाच म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देत असे.

लग्न कसं करायचं यावर दोघांचं चटकन एकमत झालं. सकाळी ऑफिसात सह्या करायच्या, दुपारी साठ माणसं बोलवायची, आणि त्यांच्यासमोर दोघांनी आपापल्या शब्दांत दहा-दहा ओळी बोलायच्या. बस. आयता हॉल त्यांनी बघितला होता. तिथं सिंहासनासारख्या दोन सोनेरी खुर्च्या होत्या आणि एक माणूस होता, तो म्हणाला, "दीड तासात आटपा, पुढची पार्टी दारात उभी असते." टाचणी तिथून जी निघाली ती थेट चपलांच्या जुन्या कारखान्यात येऊन थांबली.

कारखाना कधीच बंद पडलेला. यंत्रं गेली होती, भिंतींना पांढरा रंग दिला होता, आणि आता ती लांबरुंद रिकामी जागा समारंभांना भाड्यानं मिळायची. चार भिंती, उंच छत, गुळगुळीत फरशी आणि कोपऱ्यात एक नळ. "इथं तुम्हाला हवं ते करा," मॅनेजरबाई म्हणाल्या, "फक्त भिंतीत खिळा ठोकायचा नाही." टाचणी हरखून गेली. हवं ते करा असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. हवं ते करायचं म्हणजे कचऱ्याचा डबा कुठं ठेवायचा हेही आपणच ठरवायचं, हे तिला चार दिवसांनी कळलं.

तरी तिनं सगळं डोळ्यांत तेल घालून केलं. खडूनं फरशीवर खुर्च्यांची वर्तुळं आखली. दारातून किती माणसं एका वेळी येतील, ऊन तीन वाजता कुठं पडेल, म्हाताऱ्यांना बाथरूमपर्यंत किती पावलं चालावं लागेल, सगळं मोजलं. पहिल्या वर्तुळात, आपल्यापासून आठ पावलांवर, तिनं एका खुर्चीच्या जागी ठळक फुली मारली. ती मावशीची.

एवढं मोजणाऱ्या मुलीनं एकच गोष्ट मोजली नाही, आणि ती चूक फक्त तीच करू शकली असती. कापडात वाढलेली आणि पुस्तकांत नोकरी करणारी. रिकामी खोली उलट बोलते, हे तिला माहीतच नव्हतं.

लग्नाला तीन आठवडे राहिले तेव्हा ती मावशीला जागा दाखवायला घेऊन गेली. चष्मेवाला मुद्दाम माइक आणि स्पीकर घेऊन आला होता. मावशी फुलीवर ठेवलेल्या खुर्चीत ऐटीत बसली. टाचणी माइकवर आपली पहिली ओळ बोलली. शब्द भिंतीवर आपटले, परत आले, मागून येणाऱ्या शब्दांवर पडले आणि सगळ्यांचा मिळून लगदा झाला. चष्मेवाल्यालासुद्धा काही कळलं नाही. मावशीच्या डाव्या कानात यंत्र होतं, ते तर सगळाच गोंगाट मोठा करून आत ढकलत असणार.

"ऐकू आलं, मावशी?"

"हो हो," मावशी गोड हसून म्हणाली. "बरोबर आहे."

माइक बंद करून बोलून झालं, जवळ येऊन बोलून झालं. मावशी हसतच होती. शेवटी तिनं टाचणीचा हात धरला. "मी तुझ्या तोंडाकडे बघेन ना. बघून कळतं मला. तू तुझं बोल."

त्या दहा ओळी टाचणीनं चष्मेवाल्यासाठी लिहिल्या होत्या हे खरं, पण शेवटची ओळ मावशीसाठी होती. त्या घरात आभार मानायची पद्धतच नव्हती. मावशी शिवायची, टाचणी शिकायची, आणि कुणी काही बोलून दाखवलंच तर "पुरे झाला शहाणपणा" असं उत्तर मिळायचं. तेवीस वर्षं साठलेलं एक वाक्य. साठ माणसांसमोर म्हटलं तर मावशीला ते उडवून लावता येणार नाही, असा तिचा हिशेब होता. आणि जिच्यासाठी म्हणायचं तिलाच ते ऐकू येणार नव्हतं.

"आपण हॉल बदलू," मावशीला रिक्षात बसवून दोघं पायी निघाल्यावर टाचणी म्हणाली. "त्या सोनेरी खुर्च्या तर सोनेरी खुर्च्या."

"जरा थांब," चष्मेवाला म्हणाला. "तुमच्या घरी मावशींना सगळं ऐकू येतं. परवा जेवताना मी तुझ्या कानात म्हटलं, भाजीत मीठ जास्त झालंय. त्या स्वयंपाकघरात होत्या. तिथून मला अर्धा तास सुनावलं. घरी येतं आणि तिथंच का येत नाही?"

टाचणी रस्त्यातच थांबली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ना, तशातली गत. घरी काय होतं? कापड. खालपासून वरपर्यंत नुसतं कापड. आवाज त्यात शिरायचा आणि मुकाट्यानं तिथंच बसायचा.

कारखान्याच्या भिंतींवर साडेआठ फुटांवर जुने लोखंडी पाइप आडवे गेले होते. खिळा न ठोकता त्यांच्यावर पडदे लावता आले असते. निदान चाळीस पडदे लागणार होते. एवढे नवे शिवणं तीन आठवड्यांत मावशीलाही शक्य नव्हतं. पण मावशीनं आयुष्यात शेकड्यांनी पडदे शिवले होते, आणि ते सगळे याच शहरात कुणाच्या ना कुणाच्या खिडकीवर लटकत होते.

अडचण एकच, मावशीचा नियम. शिवून दिलेलं कापड लोकांचं, त्यावर आपला हक्क नाही, गिऱ्हाइकाच्या दारात पुन्हा जायचं ते फक्त दुरुस्तीला. म्हणून टाचणीनं ही गोष्ट मावशीपासून लपवली. मावशीची गिऱ्हाइकांच्या मापांची आणि पत्त्यांची वही तिनं हळूच बॅगेत घातली आणि रोज लायब्ररी सुटली की ती दारोदार फिरू लागली.

पहिल्या दारात ती ताकाला जाऊन भांडं लपवत होती. सहज आले, इकडून चालले होते, वगैरे. तिथं राहणारी नर्स रात्रपाळी करून उठलेली. तिनं अर्ध्यातच थांबवलं. "काय पाहिजे ते सांग गं." टाचणीनं सांगितलं. नर्सनं स्टूल ओढलं आणि स्वतः पडदा काढायला चढली. "मला दिवसा झोप लागेना, तेव्हा तुझ्या मावशीनं याला दुहेरी अस्तर लावून दिलं होतं. दोन दिवसांत. अकरा वर्षं झाली, मी या पडद्याच्या जिवावर झोपतेय. एक दिवस उजेडात झोपले तर मरत नाही मी."

मग टाचणीनं भांडं लपवणं सोडलं. एका रिटायर्ड ड्रायव्हरनं बायकोच्या आवडीचे निळ्या फुलांचे पडदे घडी करून दिले. दारापर्यंत आला आणि म्हणाला, "ती असती तर स्वतः घेऊन आली असती." एका घरातून जहाजांच्या चित्रांचा पडदा मिळाला. त्या खोलीतला मुलगा आता दाढी करत होता, पण पडदा बदलू देत नव्हता. कुणी नाही म्हटलं नाही. एकोणीस घरांतून बेचाळीस पडदे जमले, आणि प्रत्येक दारातून परतताना टाचणीला वाटत होतं की आपण मावशीला तेवीस वर्षं ओळखतो खरे, पण अर्धीच.

लग्नाच्या आदल्या सकाळी पडदे टांगले आणि टाचणीच्या तोंडचं पाणी पळालं. घरातल्या खिडक्यांचे पडदे ते, त्या उंच भिंतींवर आखूड पायजम्यासारखे दिसत होते. खालची नागडी भिंत सगळीकडून बाहेर डोकावत होती. आणि नेमकी त्याच वेळी, खुर्च्या नीट मांडल्यात का ते बघायला, मावशी दारात उभी.

तिनं एकदा सगळीकडे नजर फिरवली. आपल्या हातची शिवण ओळखायला तिला चष्माही लागला नाही.

"माझ्या नावानं लोकांच्या खिडक्या उघड्या पाडल्यास?"

"मावशी, ऐक तर..."

"मला ऐकू येत नाही, म्हणून हे?" मावशीचा आवाज चिरकला. तिनं हे तोंडानं कबूल करण्याची ती पहिली वेळ. टाचणीनं होकाराची मान हलवली.

मदतीला आलेली नर्स मध्ये पडली. मावशीच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "तिनं मागितले नाहीत. आम्ही दिले. आणि तुमचं भांडण नंतर करा, आधी हे आखूड का दिसतायत ते बघा. शिवणारीची लाज जाईल."

हा बाण बरोबर लागला. मावशी तरातरा भिंतीपाशी गेली. जहाजांच्या पडद्याची खालची कड तिनं बोटांत धरली, उलटवली, चाचपली. मग पिशवीतून कात्री काढून दुमडीचे टाके एकेक करून उसवायला लागली. आतून ताजं, न विटलेलं कापड सुटत गेलं. चांगलं वीतभर. त्या भागातली जहाजं अजून गडद निळी होती.

मावशी प्रत्येक पडद्याला खाली वीतभर जास्त दुमड ठेवायची. गिऱ्हाइकं कुरकुरायची, कापड वाया जातं म्हणायची. मावशी वाद घालायची, "माणसं घर बदलतात. पुढची खिडकी केवढी असेल कुणाला माहीत? तुमच्याकडे कापड असू द्या." टाचणी लहानपणापासून हे ऐकत आली होती, आणि ऐनवेळी तिलाच ते आठवलं नव्हतं.

"बघत काय उभी राहिलीस? दुसरी कात्री घे."

दिवसभर दोघी, नर्स आणि पडदे बघायला म्हणून आलेली तीन-चार गिऱ्हाइकं फरशीवर बसून दुमडी उसवत होती. प्रत्येक पडद्याच्या पायाशी एक गडद पट्टा उमटला. बेचाळिसावा सुटला तेव्हा भिंती जवळजवळ झाकल्या होत्या. टाचणी खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मावशी, दमलीस का गं?"

मावशी तोंडात दोरा धरून सुईत ओवत होती. तिनं मान डोलावली.

आता या डोलावण्याचा अर्थ काय घ्यायचा? टाचणीला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी साठ माणसं आली. त्यांतला पडदा दिलेला प्रत्येक जण आधी आपला पडदा शोधत होता आणि शेजारच्याला दाखवत होता. मावशी फुलीवरच्या खुर्चीत बसली, नवी साडी, केसांत फूल, चेहरा कडक. माइक लावलाच नव्हता. आधी चष्मेवाला बोलला. दुकानदाराचा आवाज, खणखणीत. तो म्हणाला की टाचणीनं दुकानात येऊन चार चष्मे नाकारले आणि पाचव्या वेळी त्याला पसंत केलं. सगळे हसले. मावशीही हसली, आणि तिनं मान डोलावली.

टाचणीनं ते बघितलं. पण घोडं आता मैदानात उभं होतं, मागे फिरणं नव्हतं. तिनं हातातला कागद उलगडला आणि वाचायला सुरुवात केली, तिला जमतं तेवढ्याच आवाजात. तुझ्या दुकानात तुला उशीर झाला तर मी जेवायला थांबेन. भांडले तरी बोलणं बंद करणार नाही. तिनं मावशीकडे बघायचं टाळलं.

"आणि रोज सकाळी सहाला उठून आपल्या दोघांचा चहा मी करीन."

"सहाला?" पहिल्या वर्तुळातून आवाज आला. "आठ वाजेपर्यंत उशी सोडत नाही ही! साठ माणसांसमोर खोटं बोलू नकोस, टाचणे. त्यालाच करायला सांग चहा."

क्षणभर कुणाला कळेना हसावं की नाही. मग हशाचा स्फोट झाला. टाचणी मात्र हसता हसता रडायला लागली, आणि नर्स सोडून कुणालाच वाटलं नाही की यात रडण्यासारखं काही आहे. तिचा जीव भांड्यात पडला होता. मावशी तिच्याशी वाद घालत होती.

तिनं कागदाची घडी केली. शेवटची ओळ तिला पाठ होती.

"मावशी," ती म्हणाली, लायब्ररीत बोलते तेवढ्याच हळू, "मी आज उभी आहे, ती तुझ्यामुळे."

हसणं थांबलं. बेचाळीस पडदे स्तब्ध लटकत होते. मावशीनं मान डोलावली नाही.

"खोटं," ती म्हणाली. "उलट आहे ते."