हरिभाऊ लहान आहेत का?

सुश्रुतनं मला आधीच बजावलं होतं, की कोशाला लहान-मोठं म्हणायच्या भानगडीत पडू नकोस. पण माझं असं आहे, की कीर्तनात महाराज सांगतात ते मी डोळे मिटून ऐकते आणि सुश्रुत सांगतो ते डोळे उघडे ठेवूनही ऐकत नाही.

मी हिंगणघाटला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. सुश्रुत माझा शिकत असल्यापासूनचा मित्र, सेलूला असतो. आम्ही दोघं शाळेच्या पोरांसाठी 'पाटी' नावाची छोटीशी प्रोग्रामिंगची भाषा तयार करतो आहोत. आज्ञा सगळ्या मराठीत. त्यात 'कोश' नावाचा एक प्रकार आहे. डावीकडं नाव, उजवीकडं माहिती. 'पीक : कापूस', 'विहीर : आहे', अशा हव्या तितक्या नोंदी भरायच्या.

दोन कोश समान कधी, यावर आमचं भांडण झालं नाही. नावं तीच, माहिती तीच, म्हणजे समान. कोणती नोंद आधी भरली ते पाहायचं नाही. बुक्का आधी लावला काय नि हार आधी घातला काय, मान तोच. भांडण झालं ते 'लहान आहे का' या प्रश्नावर.

"आकडा लहान असते, समजलं," सुश्रुत फोनवर म्हणाला. "कोश लहान म्हणजे काय वं?"

"ज्यात नोंदी कमी तो लहान."

"अन् सारख्याच असल्या तं?"

"मग नावं अकारविल्हे लावायची. जिथं पहिला फरक दिसेल तिथं निकाल."

"म्हणजे ज्याच्या घरी भांडे जास्त तो मोठा. याले काही अर्थ हाये काय?"

"अर्थ नको, उत्तर पाहिजे. पोरांनी विचारलं आणि पाटी गप्प बसली तर बरं दिसेल का?"

अर्थ नको, उत्तर पाहिजे! रोज सकाळी जपाला बसणाऱ्या बाईचे हे बोल. वर त्याला हेही ऐकवलं, की तू देवळात जात नाहीस, तुला काय कळणार. देवळात जाण्याचा आणि कोशाचा संबंध काय, हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. तो संबंध लवकरच आला.

माझं माहेर वडनेरचं. तिथल्या सप्ताहात शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन म्हणजे सगळ्यात मोठा मान, आणि तो वर्षानुवर्षं हरिभाऊ महाराजांचा. यंदा काही लोकांचं म्हणणं पडलं की सेलूच्या मंजुषाताईंना द्या. खोटं कशाला बोलू, त्याही सुरेख गातात. सप्ताहाचे अध्यक्ष बबनराव मधल्या मध्ये अडकले.

"कोणालेही नाई म्हटलं का माझ्या नावानं बोंब," ते मला म्हणाले. "तुमची ते पाटी लावा ना. मशीनले ना सोयरं ना धायरं. ते सांगीन तं कोणी बोलनार नाई."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, पाटीचं पहिलं काम देवानंच धाडलं. देवावर माझी श्रद्धा आहे, हे खरं. त्या दिवशी स्वतःवर जरा जास्तच बसली.

मंजुषाताईंची माहिती बबनरावांनी त्यांना फोन करून एकेक विचारली आणि मी भरत गेले. आवाज, चाली, यूट्यूब, टाळकरी, पेटीवाला, असं करत नऊ नोंदी. हरिभाऊंची माहिती कोणाला विचारायची गरजच नव्हती, लहानपणापासून मी त्यांच्या पुढ्यात बसत आले. आवाज लिहिला. पाठांतर लिहिलं. विनोद लिहिला. मग अडले. ओवी म्हणता म्हणता ते मध्येच थांबतात आणि अख्खा मांडव श्वास धरून बसतो, हे डावीकडं काय म्हणून लिहायचं आणि उजवीकडं काय? जमेना, म्हणून सोडून दिलं. रिकामं वाटायला नको म्हणून वय टाकलं.

देवळाच्या सभामंडपात बैठक भरली. हरिभाऊ खांबाला टेकून बसले होते. मी लॅपटॉप उघडला, नमस्कार केला (कोणाला, देव जाणे) आणि विचारलं: हरिभाऊ लहान आहेत का मंजुषाताईंपेक्षा?

पाटीनं क्षणाचाही विचार न करता लिहिलं: हो.

बबनरावांनी ते मोठ्यानं वाचलं. हरिभाऊ उठले, टोपी नीट केली, माझ्याजवळ आले आणि पडद्यावर वाकून पाहिलं.

"मशीनचं काही नाई वाटलं, पोरी," ते म्हणाले. "पन तुले माह्यात चारच गोष्टी सापडल्या. अन् त्यातली एक वय."

आणि गेले.

मग मी मंजुषाताईंचा कोश पुन्हा वाचला. शेवटची नोंद होती, 'स्वतःची गाडी : नाही'. म्हणजे नसलेल्या गाडीनंसुद्धा त्या मोठ्या झाल्या होत्या. आणि ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर सप्ताहाची वाट पाहते, ती लिहिता आली नाही म्हणून हरिभाऊ लहान. नियम माझा होता. मशीननं फक्त इमानानं पाळला.

दुसऱ्या दिवशी सुश्रुतला सांगितलं, तर तो खूप वेळ हसतच राहिला. मग म्हणाला, "काढू ना आता ते 'लहान आहे का'?"

"काढ बाबा."

काढायला फार वेळ लागला नाही. मी तडक बबनरावांकडं गेले आणि त्यांच्यासमोर तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता पाटी म्हणाली: दोन कोश समान आहेत की नाहीत, एवढं सांगता येतं. लहान-मोठं सांगता येत नाही.

"बाप्पा! एवढी शिकलेली मशीन, अन् सांगता येत नाई म्हन्ते?" बबनराव म्हणाले. "हे तं आमाले भी येत होतं."

"काल सांगितलं ते चूक होतं, काका. चूक मशीनची नाही, माझी. समितीत तसंच सांगा."

त्यांनी डोकं खाजवलं. "मंग मीच सांगतो. काला हरिभाऊचा, आदल्या दिवशी मंजुषाताई. ज्याले बोंबलायचं तो बोंबलो. पन हरिभाऊ कालपासून फोन उचलून नाई राह्यले. निरोप तुम्हीच न्या."

हरिभाऊ ओसरीवर बसले होते. मला पाहून त्यांनी तोंड गल्लीकडं फिरवलं. मी पाया पडले आणि सगळं सांगितलं. नोंदींची मोजणी, नसलेली गाडी, सगळं.

"नको," ते म्हणाले. "मंजुषाच घेईन काला. माह्यं झालं आता."

"महाराज, जे लिहिता आलं नाही तेच जास्त होतं."

"हे आता सुचलं तुले."

खरंच होतं. तेवढ्यात आतून यशोदाकाकू चहा घेऊन आल्या. संसाराची सगळी वर्षं त्यांनी हरिभाऊंना कीर्तनाआधी आणि कीर्तनानंतर पाहिलेलं.

"काल आल्यापासून तोंड फुगवून बसले," त्या मला म्हणाल्या. "काऊन, तं म्हणे बाईनं चारच गुण लिहिले. मी म्हटलं, चार? मले आजवर दोनावर सापडले नाईत. तिनं कुठून शोधले, विचारून तं या!"

हरिभाऊंनी कप तोंडाला लावला होता. चहा नाकातोंडात गेला. खोकत खोकत ते असे हसायला लागले, की काकूंनी त्यांच्या पाठीत दोन धपाटे घातले. मीही हसत होते, आणि डोळे पुसत होते.

"दोन कोन्ते वं?" त्यांनी काकूंना विचारलं.

"तुमाले सांगून डोक्यावर चढवू काय? तिले सांगतलं, 'येतो' म्हणून?"

हरिभाऊंनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग माझ्याकडं वळले.

"येतो म्हना बबनरावले. अन् तू पुढंच बसजो. ते मशीन मात्र घरी ठेवून येजो."