तात्यांची मंजुरी

खुर्च्यांच्या कारखान्यात सोमवारी सकाळीच काम अडलं. गोदामातून स्क्रू, फोम, चाकं, काहीच बाहेर पडेना. मागणी टाकली की पडद्यावर एकच ओळ यायची: 'मंजुरी बाकी'. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्रेचाळीस मागण्या रांगेत ताटकळत होत्या.

स्टोअरकीपरनं जगभर जे करतात तेच केलं. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. मग हाच उपाय आणखी दोनदा केला, जरा रागानं. शेवटी सॉफ्टवेअरवाल्या मॅडमना बोलावलं.

मॅडमनी सेटिंग उघडून पाहिलं. "शनिवारी नवीन आवृत्ती टाकली ना, तेव्हा मंजुरीची जुनी यादी परत आलीय. सगळं तात्यांकडे जातंय. हे तात्या बसतात कुठे?"

"घरी. रिटायर होऊन आठ महिने झाले. माझ्या आधी तेच इथं होते."

"मग त्यांच्या जागी तुमचं नाव टाकते."

टाकलं. पडद्यावर ओळ उमटली: 'या बदलाला तात्यांची मंजुरी लागेल.'

हा नियम मोडायचा अधिकार मुख्य कचेरीत एकाच माणसाला होता, आणि तो गुरुवारपर्यंत रजेवर. तात्यांचं घर मात्र मागच्याच गल्लीत होतं. लॅपटॉप बगलेत मारून दोघं निघाले.

दार काकूंनी उघडलं. कारखान्याचं काम आहे म्हटल्यावर तात्या आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. आठ महिन्यांत पासवर्ड विसरले नव्हते.

"वर 'सगळं मंजूर' असं बटण आहे," मॅडमनी सुचवलं.

"असेल. मी वाचल्याशिवाय मंजूर करत नाही."

स्टोअरकीपरनं मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी छताकडे. तात्या एकेक मागणी वाचत होते, ओठ हलवत, चवीनं. एकोणतिसावीला थांबले. ती बाहेरून माल मागवण्याची होती.

"चार हजार डझन स्क्रू? खुर्च्या करताय की पूल बांधताय?"

"मी चार हजारच टाकले होते, तात्या. डझन कुठून आलं?"

मॅडमनी लॅपटॉप ओढून घेतला. नव्या आवृत्तीनं स्क्रूचं माप 'नग'वरून गुपचूप 'डझन' करून ठेवलं होतं. ते बटण दाबलं असतं तर स्क्रूचा ट्रकच दारात उभा राहिला असता. त्यांनी माप दुरुस्त केलं. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

शेवटी एकच मागणी उरली: तात्यांचं नाव काढण्याची. तात्यांचा माऊसवरचा हात तसाच राहिला.

"करा की हो मंजूर," काकू आतून म्हणाल्या. "घरात आहेच की तुमचा अंमल. पंखा लावायचा तरी विचारावं लागतं."

तात्यांना हसू फुटलं. त्याच हसण्यात त्यांनी बटण दाबलं.

चप्पल घालता घालता स्टोअरकीपर घुटमळला. "तात्या, महिन्यातून एकदा याल का? यादीवर नुसती नजर टाकायला."

"बघू, जमलं तर," तात्या फार कामं असल्यासारखे म्हणाले. आणि लगेच विचारलं, "कोणत्या दिवशी? किती वाजता?"