तिसरा पत्ता

काल्हेरला तुळशीरामशेठच्या घराचं फाटक उघडायला दोन माणसं लागत. फाटक जड होतं म्हणून नव्हे, त्याला दोन कुलुपं होती म्हणून. एक थोरल्या हितेशचं, एक धाकट्या प्रितेशचं. विहिरीवरच्या पंपालाही तशीच दोन, त्यामुळे दोघं भाऊ एकाच वेळी घरी असले तरच घराला पाणी. भांडण कशावरून झालं ते विचारायची सोय नव्हती. कोणी म्हणे घरच्या गोडाऊनच्या पाटीवर कोणाचं नाव वर, यावरून. कोणी म्हणे सावलीत गाडी कोणी लावायची, यावरून. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण जेवत होते एकाच चुलीवरचं. बायको गेल्यापासून तुळशीरामशेठनी तेवढं एकच धरून ठेवलं होतं. "मी हाय तवर चूल एक," ते सांगत. जमिनीचं काय करायचं ते करा, चुलीला हात लावायचा नाही.

या घरात मी शिरले ती राउटर घेऊन. साल दोन हजार आठ. मी धामणकर नाक्यावरच्या एका छोट्या कंपनीत नेटवर्क इंजिनिअर होते. मी नक्की काय करते ते माझ्या वडिलांना, तात्यांना, शेवटपर्यंत कळलं नाही. शेजाऱ्यांना ते "वायरिंगचं बघते" असं सांगत, आणि मीही दुरुस्त करायचा नाद सोडला होता.

तुळशीरामशेठच्या गोडाऊनात एका परदेशी साबण कंपनीचा माल यायचा होता. कंपनीची अट होती की गोडाऊनमधलं इंटरनेट कधीही बंद पडता कामा नये. दोन वेगळ्या लाइनी हव्यात, दोन राउटर हवेत, आणि एक पडला की दुसऱ्यानं आपणहून काम उचललं पाहिजे. मुंबईहून साहेब येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आणि मगच सही करणार. ही सही झाली नाही तर पोरं भाड्याच्या उत्पन्नावरून आणखी भांडतील आणि चूल मोडेल, हे तुळशीरामशेठना दिसत होतं. म्हणून पांढरं धोतर सावरत ते रोज माझ्या मागे येऊन उभे राहत.

लाइनी दोन होत्याच. हितेशनं एका कंपनीची घेतली म्हणून प्रितेशनं दुसरीची घेतलेली. राउटरही एकेकाच्या केबिनमध्ये बसवायचा ठरला, कारण मधल्या खोलीत ठेवला असता तर त्या खोलीला दोन कुलुपं लागली असती.

"काका, सोपं आहे," मी सांगितलं. "एक पत्ता हितेशभाऊंच्या राउटरचा, एक प्रितेशभाऊंच्या. आणि एक तिसरा पत्ता, तो दोघांपैकी कोणाचाच नाही. गोडाऊनमधले सगळे कॉम्प्युटर फक्त त्या तिसऱ्या पत्त्याला ओळखतात. त्या नावावर एक राउटर काम करतो, तो मास्टर. दुसरा नुसता तयार राहतो. मास्टर दर सेकंदाला सांगत असतो, मी आहे, मी आहे. ते सांगणं थांबलं की दुसरा उठून कामाला लागतो. बाहेरच्याला काही समजत नाही."

तुळशीरामशेठनी दोन्ही केबिनांकडे बघून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे आत दोन, पन बाहेरून घर एकच."

"तसंच."

"लय शहाना मानूस असंल, ज्यानं ह्ये काढलं."

आता मास्टर कोण, यावरून रामायण सुरू झालं. ज्याला मोठा आकडा द्यावा तो राउटर मास्टर होतो. हितेश म्हणाला, मी थोरला. प्रितेश म्हणाला, माझी लाइन फास्ट आहे. दोघंही हे एकमेकांना नव्हे, मला सांगत होते, आणि मी मधोमध उभी राहून दोघांकडे आळीपाळीने मान हलवत होते. शेवटी तुळशीरामशेठ म्हणाले, "दोघांला सारखा आकडा दे, बाय. मना दोघंबी सारखंच."

सारखा आकडा दिला तरी यंत्र दोघांना मास्टर करत नाही. बरोबरी झाली की ज्याच्या पत्त्याचा नंबर मोठा, तो मास्टर. यंत्राला बापाची अडचण नसते. हे मी सांगणार तेवढ्यात हितेश म्हणाला, "पत्ता पहिला मला. मी मोठा आहे." एक नंबर तिसऱ्या पत्त्याला गेलेला होता, म्हणून त्यानं दोन घेतला. प्रितेशला तीन उरला, आणि मास्टर झाला प्रितेशचा. मी तोंड मिटून घेतलं. पुढचे आठ-पंधरा दिवस हितेश येईल त्या पाहुण्याला स्वतःचा राउटर दाखवून सांगत होता, "अख्ख्या गोडाऊनचं नेट इथून चालतंय." दोन्ही राउटरांवर हिरवे दिवे सारखेच लुकलुकत होते, तेव्हा खोटं पाडणार कोण?

साहेब यायच्या दिवशी सकाळी मी पोचले, तर गोडाऊनमध्ये सगळी बोंब. एक कॉम्प्युटर चालतोय, शेजारचा अडकलाय. तो सुटला की हा अडकतोय. लोडशेडिंग नव्हतं, लाइनी दोन्ही चालू होत्या. मी हितेशच्या राउटरमध्ये पाहिलं, तर तो म्हणतोय मी मास्टर. प्रितेशच्यात पाहिलं, तोही म्हणतोय मी मास्टर. दोघंही तिसऱ्या पत्त्यावर एकदम हक्क सांगत होते आणि बिचारे कॉम्प्युटर मध्ये भरडले जात होते.

दोघांमधली वायर शाबूत असली तर असं बहुतेक एकाच कारणानं होतं. दोन राउटर एकमेकांना पासवर्डवर ओळखतात. पासवर्ड जुळला नाही तर समोरच्याचं "मी आहे" हे खोटं समजून दोघं कानाआड करतात, आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा मेला.

"हितेशभाऊ, पासवर्ड कोणी बदलला?"

"मीच बदलून घेतला. नाक्यावरचा एक कॉम्प्युटरवाला आणला होता." त्याला जराही संकोच नव्हता. "तुम्ही ठेवलेला पासवर्ड प्रितेशला पण माहीत होता, मॅडम. असली कसली सिक्युरिटी?"

मला हसावं की रडावं कळेना. पंपाला कुलूप, फाटकाला कुलूप, तसंच हेही. "अहो, तो दोन्हीकडे एकच असावा लागतो. तुमचा मला सांगा, मी तिकडे घालते."

"माझा त्याच्याकडे जाणार नाही. त्याला सांगा, त्याचं नेट बंद कर."

प्रितेशकडे गेले. तो म्हणाला, "मी काहीच केलं नाही. त्यानं बदललाय, त्यानंच परत करावा." तेही खरंच होतं. फक्त साहेबांची गाडी ठाणं ओलांडून आली होती, आणि तुळशीरामशेठ दोन केबिनच्या मधल्या पॅसेजमध्ये भिंतीला हात लावून उभे होते. भांडणारे दोघं मजेत होते. घाम फुटला होता तो म्हाताऱ्याला. मला दोघांचाही इतका राग आला की खोटं बोलायला काहीच वाटलं नाही.

मी दोन्ही राउटरांत माझ्या मनातला तिसराच शब्द घातला. मग हितेशला जाऊन सांगितलं, "प्रितेशभाऊंनी तुमचाच पासवर्ड मान्य केला." आणि प्रितेशला सांगितलं, "हितेशभाऊंनी मुकाट्यानं तुमचाच ठेवला." दोघांच्याही चेहऱ्यावर एकसारखंच समाधान उमटलं, तेवढ्यापुरते ते भाऊ वाटले. राउटरांची ओळख पटली, एक मास्टर झाला, एक मागे सरला. मी घाईघाईत प्रितेशची वायर काढून पाहिली. हितेशच्या राउटरनं काम उचललं. वायर परत लावली, प्रितेशचा पुन्हा मास्टर झाला, आणि खाली साहेबांच्या गाडीचा दरवाजा वाजला.

साहेबांनी पडद्यावर तपासणी सुरू करायला लावली. काळ्या पडद्यावर नेट चालू असल्याची ओळीमागून ओळ उमटू लागली. "मेन राउटर कोणता?" त्यांनी विचारलं.

"माझा," हितेश म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत त्यानं ऐटीत आपल्याच राउटरची वायर उपटली.

काहीही झालं नाही. व्हायचं काय होतं? तो राउटर रिकामाच बसला होता. ओळी उमटत राहिल्या, एकही चुकली नाही. साहेब चकित झाले. "मी इतक्या ठिकाणी पाहिलं, एखाद-दुसरी ओळ जातेच. इथे काहीच नाही," असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला आणि त्याच दिवशी सही केली. मीही साळसूदपणे "थँक यू, सर" म्हटलं.

तुळशीरामशेठनी पेढे वाटले. पुढे कित्येक दिवस ते खारबावपर्यंतच्या सोयऱ्यांना बोलावून ते दोन राउटर दाखवत. "आत दोन हायेत, बाहेरून एकच. कोनाला पत्ता न्हाय लागत," असं सांगताना त्यांचा ऊर भरून येई. पोरं दाराशी उभी राहून ऐकत. ती ऐकतायत याचाच म्हाताऱ्याला आनंद होता.

पोरांनी खरंच ऐकलं होतं. दिवाळीनंतर दोघं भाऊ कधी नव्हे ते एकत्र बापासमोर येऊन उभे राहिले.

"बाबा, तुम्हीच सांगता ना," हितेश म्हणाला. "आत दोन असले तरी बाहेरून एकच."

"फाटक एक, पाटी एक," प्रितेश म्हणाला. "फक्त वर एक किचन काढतो. लोकांना कळणारसुद्धा नाही."

एकमेकांचं वाक्य त्यांनी कित्येक महिन्यांत प्रथमच पुरं केलं होतं.  शब्द बापाचेच होते. खाली हितेशच्या बायकोचं, निशाचं किचन राहिलं, वर प्रितेशच्या बायकोचं, उन्नतीचं झालं. बाबा कोणाकडे जेवणार, असं दोघींनी विचारलं तेव्हा तुळशीरामशेठ पुन्हा तेच म्हणाले, "मना दोघीबी सारख्याच."

हे सगळं मला उन्हाळ्यात समजलं, राउटरची तपासणी करायला गेले तेव्हा. दुपार कलली होती. राउटर उत्तम चालले होते, माझा खोटा पासवर्डही शाबूत होता. परत निघताना तुळशीरामशेठ ओटीवर बसलेले दिसले. पूर्वीसारखे मागे मागे आले नव्हते.

"जेवलीस का, बाय?"

"नाही अजून. तुम्ही?"

"न्हाय." ते फाटकाकडे बघत म्हणाले, "जेवू. काय घाई हाय."

मी आत जाऊन निशाला विचारलं. ती भांडी आवरत होती. "बाबा आज उन्नतीकडे जेवले ना?" वर जाऊन उन्नतीला विचारलं. "अगं बाई, मला वाटलं वहिनींकडे," ती म्हणाली. दोघी वाईट नव्हत्या. दोघींच्या पातेल्यात बाबांपुरता भात झाकून ठेवलेला होता. जी ती दुसरीच्या भरवशावर तयार बसली होती. इतकी वर्षं मी ही यंत्रं बसवते, पण दोन्ही राउटर मागे सरलेत आणि मास्टर कोणीच नाही, असं मी कधी पाहिलेलं नाही. यंत्रात तसं होतच नाही. आवाज आला नाही तर कोणीतरी उठतंच.

पाच मिनिटांत ओटीवर दोन ताटं आली. एकात बोंबलाचं कालवण, दुसऱ्यात वांग्याची भाजी, दोन्हीत तांदळाच्या भाकऱ्या. दोघी सुना दोन दारांत उभ्या. तुळशीरामशेठनी दोन्ही ताटांकडे पाहिलं आणि वांग्याचं माझ्यापुढे सरकवलं. "बस. एक परत गेलं तं तिला वाईट वाटंल."

आम्ही जेवायला बसलो. दोघी आत गेल्या. अर्धं ताट झाल्यावर तुळशीरामशेठनी हळूच दोन्ही ताटांची अदलाबदल केली. दोघींचं सारखंच खाल्लं, असं व्हायला त्यांना हवं होतं. आमच्या घरी मासे चालत नाहीत, मला चालतात. मी मुकाट्यानं उरलेलं कालवण संपवलं. डोळ्यांत पाणी आलं, ते कालवणाच्या तिखटानं आलं असं मी त्यांना सांगितलं.

हात धुवायला पाणी घालताना त्यांनी विचारलं, "मशीन परत कवा बघायचं?"

"आता सहा महिन्यांनी, काका. काही दोष नाही त्यात."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "दोष नसला तरी येत जा, बाय," ते म्हणाले. "तू इचारलंस की ताट येतं."