कागदापुरतं दत्तक

मी संशयी आहे, असं आमच्या पिंपळगाव रेणुकाईत कोणीही सांगेल. मला त्यात कमीपणा वाटत नाही. निजामाच्या राज्यात राहायचं, हद्दीला लागून जमीन कसायची आणि वर माणसांवर विश्वास टाकायचा, ही चैन मला परवडणारी नव्हती. माझी बायको सगुणा म्हणते, लोक दुधानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात, ह्यांनी दूध न पिताच सुरुवात केली.

त्या साली माझा एकुलता एक मुलगा मच्छिंद्र जालन्याच्या शाळेतून मॅट्रिक पास झाला. रेणुकादेवीपुढं नारळ फोडला, गावाला गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, नागपूरकडच्या सरकारी शेतकी कॉलेजात जायचंय.

"शेतकी म्हंजी?"

"शेती शिकवतेत तिथं, बाबा."

मला वाटलं पोरगं चेष्टा करतंय. बाप तीस वर्षं औत हाकतोय, आणि जी विद्या घरात फुकट पडली आहे ती हा परमुलखात विकत घेणार. ते कॉलेज इंग्रजांच्या हद्दीतलं. तिकडच्या पोरांना एक फी, आपल्यासारख्या बाहेरच्यांना दुप्पट. तीही त्यांच्या कलदार रुपयांत, म्हणजे आपला हाली रुपया नेला की तिथं आधी त्यातले दोन आणे झडणार.

"हैदराबादला जा की," मी म्हणालो. "आपल्या राज्यातलं कॉलेज, खर्चा बी कमी."

"तिथं शेतकी न्हाई. आपल्या कपाशीला दरसाल अळी का लागती, सांगता येतं का कोणाला?"

मला राग आला, कारण मला सांगता येत नव्हतं. मी त्याला गोठ्यात पाठवलं आणि विषय संपला असं समजलो.

दीड महिन्यानं धाडहून पत्र आलं. धाडला माझी धाकटी बहीण द्वारका दिली आहे. गाव हद्दीपलीकडे, वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात, घोडीवर अर्ध्या दिवसाची वाट. पत्र तिच्या नवऱ्याचं, रामरावांचं. मला अक्षरओळख बेताची, म्हणून मच्छिंद्रनं वाचलं. रामरावांनी लिहिलं होतं, मच्छिंद्रच्या शिक्षणासाठी तो आमचा दत्तक मुलगा असल्याचा कागद करण्याविषयी बोलायचं आहे, कोरा स्टँपचा कागद माझ्यापाशी आहे, तरी एकदा येऊन जावे. वाचताना पोराचा आवाज मध्येच बारीक झाला. मी म्हणालो, परत वाच. त्यानं परत वाचलं, तरी तिथंच बारीक झाला.

"तसं केलं तर मी तिकडचा धरला जातो," तो खाली बघत म्हणाला. "फी निम्मी बसती. कागदापुरतंच असतं ते."

कागदापुरतं! शाळा शिकलेल्या पोरांना वाटतं, कागद म्हणजे कागद. दत्तक दिलेलं पोर दुसऱ्याचं होतं. बाप मेला तर त्याला बापाचं सुतक नाही, बापाला त्याच्या हातचं पाणी नाही. नाव सांगताना मधलं नावसुद्धा दुसऱ्याचं लावतं. द्वारकाच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. पाणी कुठं मुरतंय ते मला लख्ख दिसलं. दर दिवाळीला रामराव माझ्या घोडीच्या पाठीवर हात फिरवून म्हणायचे, पाव्हणे, ही आमाला द्या. घोडी मिळाली नाही तेव्हा पोरावर डोळा ठेवला.

"भांडायला जाऊन राह्यलात का?" सगुणानं विचारलं.

"बोलायला," मी म्हणालो. जाताना काठी घेतली.

मी घोडीवर, मच्छिंद्र पायी. हद्दीवर करोडगिरीचा नाका होता, तिथं जकातीच्या कारकुनानं वहीत लिहून घेतलं, दोन इसम, एक घोडी. वाटभर मी मनात रामरावांना काय काय ऐकवायचं ते जुळवत होतो.

धाडला पोचलो तर द्वारकानं पाय धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं. मी ताटावर बसलो नाही.

"आधी कागद दाखवा, दाजी. जेवण मंग."

रामरावांनी माझ्याकडे बघितलं. मग आत जाऊन पेटीतून घडी घातलेला स्टँप आणला आणि माझ्यापुढं ठेवला. मी उलटसुलट करून पाहिला. कोराच होता.

"लिहायला माझीच वाट बघून राह्यलात का?"

"पाव्हणे, ह्यो कागद मी आणला न्हाई," रामराव शांतपणे म्हणाले. "महिन्याखाली तुमचा मच्छिंद्र पास झाल्याचा गूळ द्यायला आल्ता. त्यानंच इकत आणला, त्याच्या बक्षिसाच्या पैशानं. म्हणला, मला दत्तक लिहून घ्या, बाबांना मंग सांगू. मी म्हणलो, तुझ्या बाबांना इचारल्याबिगर मी कागदाला शाई लावत न्हाई. म्हणून पत्र धाडलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. मी सगळ्या मुलखावर संशय घेतला होता. जो घोडीच्या मागं पायी चालत आला, त्याच्यावर तेवढा घेतला नव्हता. मच्छिंद्र दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मान वर करत नव्हता.

"तू बी दत्तक घेत व्हतीस का ह्याला?" मी द्वारकाला विचारलं.

"एकुलतं एक पोर कोणी पदरात घेतं का, भाऊ?" ती म्हणाली. "पण खोटं कशाला बोलू. कागद महिनाभर माझ्याच पेटीत व्हता. मी रोज काढून बघायचे."

एवढं बोलून ती चुलीकडे गेली. माझा संशय अगदीच फुकटचा नव्हता, तरीही मला त्याचा आनंद झाला नाही. लाज वाटली. मी ताटावर बसलो.

हात धुतल्यावर मी पोराला बाहेर ओट्यावर बोलावलं.

"माझं नाव जड झालं व्हतं का तुला?"

"न्हाई, बाबा."

"मंग बाप बदलायला निघालास, ते मला का न्हाई इचारलं? दुप्पट फी भरा म्हणायचं व्हतं."

"तुमी न्हाई म्हणले असते."

म्हणालोच असतो. त्यात माझा मलाही संशय नव्हता. ज्या बापापुढं पोराला मागायचीसुद्धा सोय नाही, त्यानं मग दुसरा बाप शोधला तर रागवायचं कोणावर? माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं पाहिलं.

"अळीचं औषध बराबर शिकवतेत का तिथं?"

"शिकवतेत, बाबा."

"अन् न्हाई शिकवलं तर?"

"तर पत्र लिहून कळवतो."

हे उत्तर मला पटलं. मी आत जाऊन रामरावांना म्हणालो, "दाजी, घोडी घेता का? कलदार पायजेत. अन् कॉलेजाचा कागद लिहायला बसा. बापाचं नाव माझंच लिहा, भुजंग. मुलूख निजामाचा लिहा. जी फी व्हईल ती व्हईल."

रामरावांनी भाव केला नाही. मी रुपये तीनदा मोजले, एकेक दगडावर वाजवून पाहिला. माझ्या हिशेबापेक्षा दहा जास्त निघाले. कशाचे म्हणून विचारलं, तर द्वारका म्हणाली, "आत्याचा आहेर समज." तेवढ्यापुरता मी संशय घेतला नाही. कोरा स्टँप तिच्यासमोर चुलीत घालावा असं मनात आलं होतं, पण मी तो तिच्याच हातात दिला. तिनं तो स्वतः जाळावर धरला.

आम्ही दोघं पायी निघालो. उन्हं कलली होती. माझ्या पायाला चालायची सवय राहिली नव्हती, तेव्हा मच्छिंद्रनं मी न सांगताच, माझ्याजवळ काठी असूनही, माझा हात धरला. नाक्यावर कारकुनानं वही उघडली, सकाळच्या ओळीवर बोट ठेवलं आणि आमच्याकडे निरखून पाहिलं. त्याची नजर मला ओळखीची वाटली. ती माझीच होती.

"दोन इसम, एक घोडी गेल्ती," तो म्हणाला. "मंग घोडी कुठंय?"

"घोडी इकली, साहेब," मी म्हणालो. "पोरगा माघारी आणला."