राखणेला बोललेला कोंबडा

माझ्या दिरांनी माझा कोंबडा देवाला बोलून टाकला आणि मला ते फोनवर कळवलं. तेही सगळं बोलून झाल्यावर, वडे-सागोती कधी करायची हे विचारता विचारता.

बाळाभावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. राहतात मालाडला, टॉवरमध्ये, इतक्या उंचावर की कुंडीतली तुळससुद्धा वाऱ्याने टिकत नाही. आम्ही नाहूरला, सासऱ्यांनी गिरणीत असताना बांधलेल्या बैठ्या घरात. मागे जेमतेम परसदार, त्यात एक शेवगा, पाण्याची टाकी आणि माझ्या कोंबड्या. भावोजींच्या केतनचा कॅनडाचा व्हिसा अडकला होता. भावोजी गावी गेले, राखणदारासमोर उभे राहिले आणि गाऱ्हाण्यात बोलले, पोराचं काम होऊ दे, मुंबईच्या घरात वाढलेला काळा कोंबडा तुला देतो. पोराचं काम झालं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कुणाचं काय जातं?

राखणदार आमच्या वाडीची राखण करतो आणि त्याला वर्षातून एकदा कोंबडा द्यायचा, म्हणजे राखण द्यायची, ही आमची रीत. त्या रीतीशी माझं भांडण नाही. एरवी कुठलाही कोंबडा चालतो, बाजारातला आणला तरी देव तोंड वाकडं करत नाही. पण गाऱ्हाण्यात बोट दाखवून एखादा बोललात की मग तोच द्यायचा, बदली चालत नाही. भावोजींना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरीही बोलले, कारण नाहूरच्या घरातलं जे काही आहे ते आपल्याच बापाचं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

आता हा काळा कोंबडा दिसायला पांढराशुभ्र. सिल्की जातीचा. याला पिसं म्हणून नसतातच, नुसता कापूस. ती लव बाजूला सारली की खाली कातडी मात्र शाईसारखी काळी, म्हणे हाडंसुद्धा काळी. गणपतीत भावोजी आले होते तेव्हा मीच हौसेने फुंकर मारून दाखवलं. तेव्हा ते "अरे वा, हाडापर्यंत काळा" एवढंच म्हणाले, आणि पुढच्याच महिन्यात गावी जाऊन बोलून बसले. माझी फुंकर मलाच महाग पडली.

ही सिल्कीची जोडी आमच्या मुलीने, श्रुतिकाने आणली. तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने बाल्कनीत पाळायला घेतली होती आणि वास यायला लागल्यावर तिची हौस फिटली. एकीचं नाव चिंधी, दुसरीचं बुढ्ढी, कारण ती अगदी बुढ्ढी के बाल दिसायची. नाव ठेवून श्रुतिका पुण्याला नोकरीला गेली. आवड तिची आणि खुराडं घासायचं मी.

माझ्याकडे आधी गावठी कोंबड्या होत्या. त्यांची पुढारी एक तांबडी, तिला मी मुकादमीण म्हणते. हिने नव्या दोघींना पहिल्याच दिवशी असं टोचलं की बुढ्ढीच्या डोक्यावरून रक्त आलं. सिल्की बिचाऱ्या गरीब, उडता येत नाही, त्यातून डोळ्यांवर झिपऱ्या. चोच कुठून येते आहे हेच त्यांना दिसत नाही. मी भरतकामाच्या कात्रीने झिपऱ्या कापल्या. मग परसात मधोमध जाळी लावली, म्हणजे एकमेकींना बघतील पण पोचणार नाहीत. सवय झाली असं वाटून जाळी काढली, तर मुकादमीण परत सुरू. शेवटी मी त्या दोघींना सोडलं आणि हिलाच उचलून पुढच्या ओट्यावर डालग्याखाली झाकून ठेवलं. चार-पाच दिवस ती आत बसून मला शिव्या घालत होती. परत सोडली तेव्हा मागे तिची खुर्ची उरली नव्हती. तीच नवी झाली होती, मान खाली घालून कणी टिपायला लागली. दादागिरी करणाऱ्याला शिक्षा करून काही होत नाही, त्याला थोडे दिवस बाहेर ठेवावं लागतं. माणसांच्या मापाचं डालगं मिळत नाही, नाहीतर मी केव्हाच घेतलं असतं.

फोन आला तेव्हा मी भावोजींना म्हटलं, "भावोजी, ती कोंबडी आहे की कोंबडा हेच अजून कळलं नाहीये. नाव बुढ्ढी आहे तिचं."

"एवढी मोठी झाली आणि कळत नाही?"

"सिल्कीत नाही कळत. आरवेपर्यंत किंवा अंडं घालेपर्यंत कुणालाच नाही सांगता येत."

हे खरं होतं. पण मला कळलं होतं. सकाळी खुराड्यातून घसा बसल्यासारखा आवाज यायला लागला होता, आणि बुढ्ढी दाणा मिळाला की आधी आपण खात नव्हती, टुकटुक करून इतरांना बोलवायची. मुकादमीण पुन्हा कुणाच्या अंगावर गेली तर बुढ्ढी मध्ये जाऊन उभी राहायची, न टोचता, नुसती छाती काढून. कोंबड्याचंच हे काम. चिंधी दर महिन्याला खुडूक होते, अंडं नसलं तर बटाट्यावर बसते, आणि अशा वेळी ती उठून पळतही नाही. तिला वाचवायला तो होता. किती वर्षांत माझ्या परसात पहिल्यांदा शांतता होती.

मी काही साध्वी नाही. कोंबडी खाते, वडे माझ्या हातचे आख्ख्या भावकीत नावाजलेले आहेत, आणि कापायची वेळ आली तर माझा हात थरथरत नाही. पण खायची कुठली, द्यायची कुठली आणि ठेवायची कुठली हे मी ठरवते. लग्न करून या घरात आले तेव्हापासून माझं सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं. नोकरी सोडायची ते सासऱ्यांनी, माझ्या बांगड्या मोडून मालाडच्या फ्लॅटला हातभार लावायचा ते भावोजींनी. नवरा दर वेळी "जाऊ दे ना" म्हणाला आणि मी जाऊ दिलं. हा कोंबडा मला जाऊ द्यायचा नव्हता. त्याच्यावर माझा जीव होता, बस.

रविवारी सकाळी भावोजी आलेच. लिंक रोडने रिक्षा करून, हातात मिक्सरचं खोकं, त्याला वाऱ्यासाठी भोकं पाडलेली. रात्रीच्या बसचं तिकीट काढलेलं. मी दारात उभी राहिले तर माझ्या बाजूने सरळ परसात गेले.

परसात सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर सुकट निवडत बसल्या होत्या. शेवंतीबाई, वय ऐंशीच्या पुढे, आणि मोठ्या मुलासमोर त्या तोंड उघडत नाहीत हे सगळ्या वाडीला माहीत. माझा नवरा सुयोग उंबऱ्यावर मोबाइल घेऊन उभा होता, म्हणजे घरातही नाही आणि बाहेरही नाही.

"कळलं का मग काय ते?" भावोजींनी विचारलं.

"नाही अजून."

"अंडं घातलं?"

"नाही."

"मग आपण कोंबडा धरून चालू. देव बघून घेईल."

"कोंबडी निघाली तर? राखणेला कोंबडी चालते का?" मी विचारलं. यावर ते अडले. कोंबडी नेली आणि वाडीतल्या लोकांसमोर हसं झालं तर, ही भीती त्यांना देवापेक्षा मोठी. क्षणभर मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात त्या मुकादमिणीला कुठली दुर्बुद्धी सुचली. चिंधी टाकीमागे खुडूक बसली होती, तिच्या अंगावर ही धावून गेली. बुढ्ढी कापसाच्या गोळ्यासारखी धडपडत मध्ये घुसली, मुकादमिणीला मागे रेटलं, टाकीच्या कठड्यावर चढली आणि मान ताणून आरवली. घोगरं नाही, अर्धवट नाही. चांगलं खणखणीत, पलीकडच्या टॉवरमधल्या खिडक्या उघडतील एवढं.

भावोजी हसले. "घ्या. देवानेच सांगितलं. आता काय म्हणतेस?"

मी खूप काही म्हणू शकले असते. आजारी आहे, पाय लंगडा आहे, श्रुतिकाला विचारायला हवं. इतके दिवस मी असंच करत आले होते, कुणाला तरी किंवा कशाला तरी पुढे करून स्वतः मागे राहायचं. आणि तो तिकडे कठड्यावर उघडा उभा होता, दुसरीसाठी मध्ये पडल्यामुळे पकडला गेलेला. मला माझी लाज वाटली आणि मग राग आला.

"कोंबडा आहे," मी म्हटलं. "मला आधीच माहीत होतं. आणि मी देणार नाही."

"दर्शना, वेड लागलंय का तुला? बोललोय मी."

"तुम्ही बोललात. मी नाही."

"घरचा म्हणून बोललो."

"घरचा आहे ना, मग सांगा, तो काय खातो? रात्री कुठल्या दांडीवर बसतो? त्याचं अंग भिजलं तर काय करायचं असतं?"

"हे काय, परीक्षा घेतेस माझी? कोंबडी खाताना कुठे जातं तुझं हे प्रेम?"

"कुठेही जात नाही. ती पण खाते आणि हा पण ठेवते. आहे मी तशी."

भावोजींनी सुयोगकडे बघितलं. सुयोग म्हणाला, "अगं, जाऊ दे ना. एका कोंबड्यासाठी कशाला."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. "तुम्हाला चांगलं जमतं ते."

मग भावोजींनी शेवटचं अस्त्र काढलं. आवाज बारीक केला. "हे बघ, बोललेलं दिलं नाही तर राखणदार कोपतो. उद्या तिकडे परदेशात माझ्या पोराला काही झालं, तर ते तुझ्या माथी. घेशील?"

हे ऐकून मी घाबरले, खोटं कशाला बोलू. केतन या परसात खेळून मोठा झालाय, माझ्या हातचं खाऊन. आणि राखणदाराला मीही मानते. माझ्या आईने मानला, तिच्या आईने मानला. म्हणूनच मग मला कळलं की याचं उत्तर भावोजींना देऊन उपयोग नाही. ज्याला बोललेत त्यालाच द्यायला हवं.

मी पायातली चप्पल काढली. आत जाऊन नारळ आणि विडा घेतला, शेवग्याच्या बुंध्याशी ठेवला, पदर खोचला आणि गावाच्या दिशेला तोंड करून हात जोडले. गाऱ्हाणं बाईने घालायचं नसतं. घरातला कर्ता पुरुष घालतो, बायका मागे उभ्या राहतात. माझी मालवणीही मुंबईत वाढलेली, मोडकीतोडकी. पण शब्द आले.

"बा राखणदारा म्हाराजा," मी मोठ्याने म्हटलं. "माझ्या दिरान तुका एक कोंबो बोललो हा. तो कोंबो तेंचो नाय, माझो आसा. माका इचारूक नाय, सांगूक नाय. दुसऱ्याचा धन तुका बोललेला तुका तरी कसा चलात? तेव्हा ह्यो बोल मी मोडतंय म्हाराजा. शिमग्याक मी स्वता येतंय, तुझो मान घेवन, माझ्या हातान, माझ्या मनान. तवसर कोप करूचो आसात तर माझ्या माथ्यार कर. पोराक हात लावू नको. आनि आजपासून ह्या परसातला काय तुका द्यायचा, ता मी बोलतलंय."

गाऱ्हाणं संपलं की मागच्यांनी होकार भरायचा असतो. कुणी होकार भरला नाही तर ते गाऱ्हाणं नसतं, नुसती बडबड असते. माझ्यामागे कुणी काही बोललं नाही. सुयोगने मोबाइल खाली केला होता, पण ओठ मिटलेलेच.

भावोजी म्हणाले, "झालं नाटक? बाईमाणसाचं गाऱ्हाणं देवापर्यंत जात नाही."

मी मागे वळले नाही. जोडलेले हात तसेच ठेवले.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासूबाई उठल्या. मांडीवरचं सुकटीचं सूप खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही, ते सांडलं आणि कोंबड्या धावल्या. टाकीला धरून त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि थोरल्या मुलाला म्हणाल्या, "जलमभर पोसूचा आम्ही आनि बोलूचा तुम्ही. माझ्या गायची पाडी तुझ्या बापाशीन अशीच देवाक बोलल्यानी. तेवा माझ्याबरोबर उभा ऱ्हवक कोण नाय होता."

मग त्यांनीही हात जोडले.

"व्हय म्हाराजा," त्या म्हणाल्या.

भावोजी "आई" एवढंच म्हणाले. सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि "व्हय म्हाराजा" पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.