फ्रीजमधली गांडुळं

थोरलीने दुधाचं पातेलं काढायला फ्रीज उघडला, तर पातेल्यामागे तिला काही अनोळखी डबे दिसले. पांढरे, झाकणाला बारीक भोकं पाडलेले. तिला वाटलं, धाकट्या जावेने दही लावलं असेल. पण दह्याच्या डब्याला भोकं कोण पाडतं? तिने एक झाकण उचललं. आत ओलसर काळा भुसा होता आणि तो हलत होता. बघता बघता त्यातून एक लालसर, चिकट टोक वर आलं, हवेत इकडेतिकडे फिरलं आणि दुधाच्या पातेल्याच्या काठाकडे वळलं.

तिने झाकण परत लावलं. ओरडली नाही, ओरडायची तिला सवयच नव्हती. पातेलं उचलून मोरीत पालथं केलं, साबणाने घासलं, मग पुन्हा घासलं. प्रार्थना झाल्याशिवाय ती तोंडात काही घालत नसे आणि प्रार्थनेनंतरचं कपभर दूध हा तिचा दिवसभरातला एकुलता एक लाड होता. आज तोही गेला.

"भाऊजी, फ्रीजमध्ये काय ठेवलंय?" ती दाराशी येऊन म्हणाली.

दीर पायरीवर बसून बूट चढवत होता. "अरे हो, सांगायचं राहिलं. गांडुळं आहेत. मासेमारीच्या गळाला लावतात ना, ती. दुकानदार म्हणाला, गार जागी ठेवा, नाहीतर मरतात."

"तुम्ही मासे धरायला कधीपासून लागलात?"

"उद्यापासून." तो हसला. "शेतातला मासा, वहिनी. फावडं घेऊन येणारा."

थोरलीला कळायला थोडा वेळ लागला.

उद्या बियाणेवाली येणार होती. ही बाई कांद्याचं बी पिकवून विकायची आणि तिला दहा वर्षांच्या कराराने एक शेत हवं होतं. फोनवर तिने स्पष्ट सांगितलं होतं, "कागद नंतर. आधी मी फावडं घेऊन येईन आणि खड्डा घेऊन बघेन. ज्या मातीत गांडूळ नाही तिथे मी बी धरत नाही." आणि यांच्या शेतात गांडूळ औषधालासुद्धा सापडलं नसतं.

शेत दोघांच्या नावावर होतं, निम्मं दिराच्या आणि निम्मं, नवरा गेल्यावर, थोरलीच्या. कसायचा दीर. कसायचा म्हणजे उरकायचा. मका काढून झाला की उभी ताटं तशीच ठेवायची, पाऊस थांबतो न थांबतो तोच भाड्याचा ट्रॅक्टर चिखलात घालायचा आणि सगळं खाली दाबून मोकळं व्हायचं. तिचा नवरा होता तेव्हा पिकं निघाल्यावर रोज सकाळी शेतातलं एक ढेकूळ उचलून तळहातावर दाबून बघायचा. भुगा झाला म्हणजे वाफसा आला, आता नांगर चालेल. कणकेसारखं चपटं झालं तर टोपी डोक्यावर घालून घरी परत. दीर याला चोचले म्हणायचा.

"बाईने शेत घेतलं नाही तर?" तिने विचारलं.

"तर वीटभट्टीवाला आहेच. त्याला काही गांडुळं लागत नाहीत."

वीटभट्टीवाला गेल्या आठवड्यात येऊन गेला होता. शेतातली चिमूटभर माती त्याने तळहातावर घेतली, तिच्यावर थुंकला आणि बोटाने मळत म्हणाला, "चिकण आहे. छान भाजेल." वरची माती कमरेइतकी खरवडून न्यायची असं त्याचं म्हणणं होतं. दीर बाजूला उभा राहून मान डोलावत होता. थोरलीने तेव्हाही तोंड फिरवून घेतलं होतं. तो गेल्यावरही ती थुंकी तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

म्हणजे गोष्ट उघड होती. बियाणेवाली फसली तर शेत वाचणार होतं. नाही फसली तर शेताचा खड्डा होणार होता.

"तुम्हाला काही करायचं नाहीये," दीर उठत म्हणाला. "फक्त गप्प बसायचं. ते तुम्हाला छान जमतं."

ते खरंच होतं, म्हणून तर जास्त लागलं.

ऊन उतरायला लागलं तसं दिराने फाटकाजवळ आणि पायवाटेच्या कडेने, जिथे पाहुणा सहज थांबेल अशा जागा निवडून, विकतची काळी माती पसरली आणि तिच्यावर डबे रिकामे केले. एक डबा उद्या लागलाच तर म्हणून फ्रीजमध्ये राहिला. धाकटी जाऊ नाकाला पदर लावून झाकणं धरायला गेली होती. परत आली ती हसत.

"ताई, कशी वळवळत होती म्हणून सांगू. मला तर लग्नात यांची भावकी बघितली तेव्हाची आठवण झाली."

"हात धुतलेस?"

"धुतले की. आणि घाबरू नका, रात्रीचं सूप त्या डब्यातलं नाहीये."

थोरली त्या दिवशी सूप प्यायली नाही.

सकाळी बुरबुर पाऊस होऊन गेला होता. प्रार्थना आटोपून ती बाहेर आली तर पायवाटेवर कावळ्यांची सभा भरलेली. जवळ जाऊन बघते तो गांडुळं. काळ्या मातीतून निघून वाटेवर आलेली, काही कुंपणाखालून थेट रस्त्यापर्यंत पोचलेली, काही डबक्यात फुगून पांढरी पडलेली. सगळी शेताकडे पाठ करून. विकत आणलेले किडेसुद्धा एका रात्रीत जमीन सोडून निघाले होते.

दीर खराटा घेऊन धावत आला. "बघत काय उभ्या राहिलात? गोळा करा. आत ढकलायला हवीत, गाडी कधीही येईल."

तो कावळे हाकलत होता आणि खराट्याने गांडुळं फाटकाकडे लोटत होता. निम्मी त्या लोटण्यातच तुटत होती. थोरलीला बघवेना. ती घरातून चमचा आणि जुना टोप घेऊन आली. हात लावायची तिची छाती नव्हती. एकेक जिवंत गांडूळ चमच्याने उचलताना तिच्या अंगावर काटा येत होता, डोळे अर्धे मिटत होते, तरी तिने डबक्याकडेचीसुद्धा सोडली नाहीत. टोप भरत आला तसा दीर म्हणाला, "हां, आता इथे ओता."

ती वळली. टोप घेऊन परसात गेली आणि उकिरड्याच्या कुजलेल्या, कोमट बाजूवर तो पालथा केला. गांडुळं क्षणात आत शिरली, जणू घर ओळखीचं होतं.

"अहो, तिकडे कुठे?" दीर मागून ओरडला. पण तेवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली होती.

बियाणेवाली थोरलीपेक्षा बरीच लहान निघाली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केस रुमालात बांधलेले, खांद्यावर फावडं. दीर तोंडात साखर घोळवत पुढे झाला. "या, या. इथून सुरुवात करा. अगदी नमुनेदार माती आहे."

तिने फाटकाजवळच्या काळ्या पट्ट्यात फावडं घातलं. ते लोण्यात गेल्यासारखं गेलं. ढेपळ्यात मागे राहिलेली दोनतीन गांडुळं होती. तिने माती नाकाशी नेली आणि तिचा सगळा चेहरा सैल झाला.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "गेला महिनाभर जिथे जाते तिथे सिमेंट. मी कांदे गाडीतच घेऊन फिरतेय. आता नाही लावले तर या वर्षीचं बी गेलं." तिने मागचं दार उघडलं. आत लाकडी खोकी होती आणि खोक्यांत कोरड्या पेंढ्यावर ओळीने मांडलेले कांदे, एकाला एक न टेकणारे. "आमच्या आजीपासून निवडत आणलेलं वाण. बघा काकू, मान किती बारीक आहे, म्हणून तर टिकतो."

तिने एक कांदा थोरलीच्या हातात दिला. कोरडा, घट्ट, साल तांब्यासारखी स्वच्छ. त्या सकाळभरात थोरलीच्या हाताला लागलेली ती पहिली स्वच्छ वस्तू होती. हा कांदा आपल्या शेतात लावला तर काय होईल ते तिला दिसलं. आठवड्यात बूड मऊ पडेल, मग बोट लावलं की आत जाईल, मग तो वास. आणि ही पोर खोकी घेऊन उभी असेल.

"मग कागद काढू का?" दीर म्हणाला.

"मधे खणा," थोरली म्हणाली.

इतक्या हळू, की बियाणेवालीला ऐकूच गेलं नाही. "काय म्हणालात?"

"शेताच्या मधे जाऊन खणा. इथे नको."

दीर हसला. "वहिनींना काय कळतंय त्यातलं."

पण बियाणेवाली निघाली होती. चिखल तिच्या बुटांना धरून ठेवत होता. थोरलीही मागून गेली, चपला फाटकाशी काढून, साडी वर खोचून. बोटांमधून गार चिखल वर येत होता आणि प्रत्येक पावलाला तिला शहारा येत होता.

शेताच्या मधोमध फावडं वीतभर गेलं आणि थांबलं. बियाणेवालीने दोन्ही पायांनी त्याच्यावर उभं राहून बघितलं. शेवटी कसंबसं एक ढेकूळ निघालं आणि त्याच्याबरोबर वास आला. कुजक्या अंड्यांचा, तुंबलेल्या गटाराचा. माती करडीनिळी होती, प्रेताच्या नखांसारखी. तिच्यात गेल्या वर्षीची मक्याची ताटं होती, अजून अख्खी, बुळबुळीत. मक्याची मुळं खाली जाऊन त्या कडक थरावर आपटून आडवी वळलेली. थोरलीने पदर तोंडात धरला. हेच शेत वर्षानुवर्षं आपल्याला जेवू घालतंय, हा विचार आला आणि तिला उमासा आला.

"ताटं कुजलीसुद्धा नाहीत," बियाणेवाली म्हणाली. "कुजायलाही हवा लागते. ओल्यात नांगरलंय. दरवर्षी." ती सरळ फाटकाशी परत आली, काळ्या मातीतून एक गांडूळ काढलं आणि दिरासमोर धरलं. "हे उकिरड्यातलं आहे. शेतात राहत नाही. कुठून आणलं?"

दीर आभाळाकडे बघायला लागला. "आता किड्यामुंग्यांचं कोण सांगणार. येतात कुठून कुठून."

ती थोरलीकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग काल फोन करायचा होता. माझी सकाळ गेली."

थोरलीला वाटलं होतं, ही निदान बरं झालं सांगितलंत म्हणेल. पण त्या तोंडावर तीच किळस होती जी सकाळपासून तिच्या स्वतःच्या पोटात होती, आणि त्यात थोरली आणि दीर असा भेद नव्हता. तिने खोकी झाकली. गाडी सुरू झाल्यावर थोरलीच्या लक्षात आलं की कांदा अजून हातातच आहे. ती खिडकीशी धावली.

"ठेवा," बियाणेवाली म्हणाली. मग काहीशा रागानेच, "आणि त्या जमिनीला आता नांगर लावू नका. आधी चर खणून पाणी बाहेर काढा. वाफसा आला की नुसतीच वरून मोहरी आणि वाटाणा फेका, त्यांची मुळं जातील खाली. फुलायच्या आत कापून तिथेच पडू द्या. पुढच्या वर्षीही तेच. तुमच्या घरात एवढा धीर कोणाला असेल असं वाटत नाही." आणि काच वर केली.

स्वयंपाकघरात येईपर्यंत दिराने फोन कानाला लावला होता. "हां, वीटभट्टीवाले ना? तुमचा विचार कायम आहे का?"

थोरली पाय धुऊन आत आली. कांदा खिडकीत ठेवला. मग फ्रीजमधला उरलेला डबा बाहेर काढला.

"त्यांना सांगा, माझी सही मिळणार नाही," ती म्हणाली.

दिराने फोनवर हात ठेवला. "काय?"

"निम्मं माझं आहे. ज्या मातीवर तो माणूस थुंकला ती मी त्याला देणार नाही."

"आणि तुम्ही काय पेरणार तिथे? प्रार्थना?"

"मोहरी आणि वाटाणा. चर मी खणायला घेते. तुम्ही आलात तर लवकर होईल."

"माझ्या छपराखाली राहायचं आणि मलाच शहाणपण शिकवायचं," दीर म्हणाला. "चूल वेगळी करा मग."

"करते."

इतक्या वर्षांत तिने त्याला नाही म्हटलेलं त्याला आठवेना, आणि तिलाही. फोनमधून वीटभट्टीवाल्याचं हॅलो हॅलो ऐकू येत होतं. शेवटी दीर फोन घेऊन बाहेर निघून गेला आणि दार आपटलं.

धाकटी जाऊ भाजी चिरता चिरता थांबली होती. थोरलीने डबा उकिरड्यावर नेऊन रिकामा केला. परत येऊन फ्रीजचे सगळे कप्पे काढले, सोड्याच्या पाण्याने धुतले, पुसले, वास घेतला, पुन्हा धुतले. मग मोरीतला तो चमचा दोन बोटांत धरला आणि कचऱ्याच्या बादलीत टाकला.

"ताई, चमचा चांगला होता की," जाऊ म्हणाली.

"असेल."

जावेने चिरलेली भाजी परातीत लोटली. मग हलक्या आवाजात विचारलं, "दूध आणू का तुमच्यापुरतं? कालपासून घेतलं नाहीत."

थोरलीने धुतलेल्या फ्रीजमध्ये पाहिलं. आत काहीच नव्हतं आणि तरी तिला वास येत होता.

"आज नको," ती म्हणाली. "आज कुदळ शोधून दे."