एकशेदहावरचा काटा

चिखल्याच्या खाणीवर आनंदरावांनी एका ठेकेदाराचा ट्रक चौदा वर्षं चालवला आणि पुढची सगळी नोकरी त्याच ठेकेदाराच्या फाटकाचा बांबू वरखाली करण्यात काढली. मधे काय घडलं, हे ते कुणी न विचारता सांगत. अठ्ठ्याऐंशी साली इंजिन जाम झालं, तेव्हा काटा एकशेदहावर होता. म्हणजे गाडी गार होती. म्हणजे मिस्त्री पुंडलिकरावाने त्याच सकाळी बसवलेला तापमानाचा मीटर खराब होता. चौकशीत पुंडलिकरावाने मीटर चांगला असल्याचं सांगितलं आणि दोष आनंदरावांवर आला. त्या दिवसापासून आनंदराव त्याच्याशी बोलले नव्हते. एकोणीस वर्षं झाली. घरं एकाच ओळीत.

तर तुमसरच्या भंगारवाल्याकडे ते सायकलचं पायडल शोधायला गेले आणि पोत्यात मीटरच मीटर निघाले. हवेचे, तेलाचे, वेगाचे. आनंदरावांनी काचेकडे पाहिलंसुद्धा नाही. एकेक पालथा करत गेले. त्यांच्या खाणीवरचा मीटर ओळखायचा तो पाठीवरून, कारण पुंडलिकराव बसवण्याआधी तिथे खिळ्याने गाडीचा नंबर आणि तारीख कोरायचा. सतरावा पालथा केला तर ४१७. त्यांचीच गाडी, तोच दिवस. आनंदरावांना इतका आनंद झाला, की पायडल राहूनच गेलं. आता पाणी उकळायचं, मीटरच्या नळीचं टोक त्यात बुडवायचं आणि काटा कसा खोटं बोलतो ते सगळ्या ओळीला दाखवायचं.

"अजी, आधी घासू द्या. माह्या चहाच्या गंजात अशी घान नाई चालत," त्यांची बायको सत्यभामाबाई म्हणाल्या आणि राख घेऊन बसल्या. खाणीवर काळी धूळ एवढी, की ड्रायव्हर अंगठ्याने काट्यापुरतीच काच पुसत. बाकीची काच आज पहिल्यांदा धुतली गेली. पाणी उकळलं. काटा उठला आणि नेमका शंभरावर थांबला.

आनंदरावांनी चष्मा लावला. आकडे एकशेवीसवरच संपत होते आणि खाली बारीक अक्षरांत सेंटिग्रेड लिहिलं होतं. पुंडलिकरावाने बदलण्याआधीचा त्यांचा जुना मीटर फॅरनहाइटचा. त्यात पाणी दोनशेबाराला उकळायचं, यात शंभरला. म्हणजे एकशेदहावर इंजिन जळत होतं आणि ते शीळ घालत घाट चढत होते.

"मंग मीटर चांगलाच होता म्हना," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चहाला दुसरं पाणी ठेवलं.

आनंदरावांना लाज वाटली. चांगल्या माणसावर आपण उभा जन्म आळ घेतला होता. चहा तसाच ठेवून, मीटर फडक्यात बांधून ते पाच घरं पलीकडे गेले. पुंडलिकराव बाजेवर बसून लाखोरीची डाळ निवडत होता.

"पुंडलिक, मीटर बरोबर होता. माहीच चुकी. माफ कर मले."

पुंडलिकरावाने मीटर पालथा करून पाहिला.

"तुही कायची चुकी? सेंटिग्रेडचा बसवला, हे तुले सांगाचंच राहून गेलं. माह्या चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी ध्यानात आलं."

"दुसऱ्याच दिवशी? मंग मले काहून नाई सांगतलं?"

"आलो होतो ना सांगाले. दोनदा आलो." पुंडलिकरावाने लाखोरीतला एक खडा उचलून अंगणात फेकला. "तू बोलतच नव्हता."